डोकं तुटलेलं झुरळ श्वास कुठून घेतं? आणि वाचकांचे आणखी काही प्रश्न

या वेळच्या पत्रांत श्वासाबद्दलचे प्रश्न इतके आले की सगळी जागा त्यांनाच दिली आहे. कुणी तुरीबद्दल विचारलंय, कुणी पाण्याच्या टाकीबद्दल, कुणी शेततळ्याबद्दल. तरी पहिलं उत्तर आधी वाचावं. पुढची बरीच उत्तरं त्याच्याच आधारावर आहेत.

प्रश्न: डोकं तुटलं तरी झुरळ कित्येक दिवस जगतं, असं मुलगा शाळेतून ऐकून आला. हे खरं आहे का? मग ते श्वास कशानं घेतं?

खरं आहे. झुरळाच्या डोक्यावर श्वासाचं एकही छिद्र नसतं. अंगाच्या दोन्ही कडांना मिळून छिद्रांच्या १० जोड्या असतात. २ जोड्या छातीवर आणि ८ पोटावर. ही श्वासरंध्रं. प्रत्येक रंध्रातून एक नळी आत जाते, तिला फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे फुटतात आणि शेवटची टोकं १ मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक होऊन थेट पेशींना भिडतात. पंखांच्या स्नायूंत तर ती पेशीला खळगा पाडून आत घुसलेली असतात. आपल्या शरीरात फुप्फुसांनी घेतलेला ऑक्सिजन रक्ताला दारोदार पोचवावा लागतो. कीटकाकडे हवाच नळीतून दारापर्यंत येते.

नळ्या इतक्या बारीक असून दबून मिटत कशा नाहीत? वॉशिंग मशीनच्या सांडपाण्याच्या पाइपाला जशी कडी-कडी असते, तशी या नळ्यांच्या भिंतीत कायटिनची सर्पिल पट्टी असते. नळी वाकते, पण चेपत नाही.

ऑक्सिजन आत सरकतो तो मुख्यतः विसरणानं, म्हणजे जिथं जास्त आहे तिथून जिथं कमी आहे तिकडे आपोआप पसरत. पाण्यातून तो ज्या वेगानं पसरतो, त्याच्या सुमारे १०,००० पट वेगानं तो हवेतून पसरतो. ही सगळी व्यवस्था उभी आहे ती या एका आकड्यावर. १९२० साली नोबेल मिळालेले डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी नळ्यांची लांबी-रुंदी मोजून हिशेब मांडला आणि लहान कीटकाला एवढ्यावर भागवता येतं, हे दाखवलं. मोठे किंवा धावपळ करणारे कीटक मात्र पोट आत-बाहेर करून हवा खेळवतात. बसलेल्या टोळाच्या किंवा गांधीलमाशीच्या पोटाकडे नीट पाहा, ते भात्यासारखं हलताना दिसेल. नळ्यांच्या अगदी टोकाशी एरवी थोडा द्रव असतो. स्नायू कामाला लागले की तो आजूबाजूला शोषला जातो आणि हवा आणखी आत सरकते. गरज वाढली की पुरवठाही जवळ येतो.

आता डोक्याबद्दल. रंध्रं उघडणं-मिटणं आणि पोटाचा भाता चालवणं ही कामं धडातल्या चेतागाठी स्वतः पार पाडतात, त्यांना मेंदूच्या हुकमाची गरज नसते. कीटकाचं रक्त आपल्या रक्तासारखं जोरात दाबाखाली नसल्यामुळे मान तुटली तरी भळभळून वाहत नाही. जखम बहुधा गोठून बंद होते. ते मरतं ते पाणी पिता येत नाही म्हणून, किंवा जखमेत बुरशी-जिवाणू शिरतात म्हणून.

रंध्रांना झडपा असतात, त्याही पाण्यासाठीच. रंध्र उघडं राहिलं की हवा आत येते तशी आतली वाफ बाहेर जाते, आणि एवढ्याशा जिवाला कोरडं पडायला वेळ लागत नाही. म्हणून स्वस्थ बसलेले बरेच कीटक रंध्रं बराच वेळ मिटून घेतात आणि कार्बन डायऑक्साइड साठला की उघडतात.

मुलाला हे प्रत्यक्ष दाखवायचं तर झुरळाच्या मागे लागू नका. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावरची मोठी हिरवी अळी भिंगातून बघा. तिच्या कुशीला प्रत्येक कड्यावर लहानसा लंबगोल ठिपका दिसेल. छातीच्या पहिल्या कड्यावर एक आणि पोटाच्या आठ कड्यांवर एकेक, अशा ९ जोड्या. जवळपास कुणी रेशीमशेती करत असेल तर आणखी चांगलं, कारण पांढऱ्या अंगावर हे काळसर ठिपके भिंगाशिवायही दिसतात. इटलीच्या मार्सेलो माल्पिगी यांनी १६६९ मध्ये या नळ्यांचं वर्णन केलं ते रेशमाच्या अळीवरूनच. रंध्रांवर तेल लावलं की अळी मरते, हेही त्यांनी पाहिलं होतं. पुढच्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच सुरू होतं.

प्रश्न: आमच्याकडे तुरीला एरंडेल चोळून ठेवायची पद्धत होती. त्यानं खरंच किडा लागत नाही का? कधी उपयोग होतो, कधी होत नाही.

उपयोग होतो, पण वेळ साधली तरच. "कधी होत नाही" याचं कारणही तेच आहे.

कडधान्यातला भुंगेरा अंडं दाण्याच्या आत घालत नाही, वर चिकटवतो. नीट पाहिलं तर तुरीवर, मुगावर, चवळीवर पांढरे, घुमटासारखे ठिपके दिसतात, तीच ही अंडी. अंड्यालाही हवा लागते. तेलाचा पातळ थर बसला की अंड्याची हवा तुटते आणि बहुतेक अंडी फुटत नाहीत. शिवाय तेलकट, गुळगुळीत दाण्यावर मादीला अंडं चिकटवणं जड जातं.

पण सुमारे ३० अंश तापमानात अंडं पाच-सहा दिवसांत फुटतं आणि अळी बाहेर न येता अंड्याच्या तळातूनच दाणा पोखरून आत जाते. एकदा ती आत गेली की वरून कितीही तेल चोळा, तिला काही होत नाही. सुमारे महिन्याभरानं दाण्याला गोल खिडकी पाडून नवा भुंगेरा बाहेर येतो आणि आपण म्हणतो, तेल लावूनही कीड लागली. मुळात ही कीड पुष्कळदा शेतातूनच, वाळत आलेल्या शेंगांवर घातलेल्या अंड्यांच्या रूपानं घरी येते.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी कडक ऊन. काळ्या ताडपत्रीवर दाणे बोटभर जाडीत पसरावेत आणि वरून पारदर्शक प्लास्टिकनं झाकून कडा दाबून टाकाव्यात. दाण्यांचं तापमान तासभर ५५ ते ६० अंशांवर राहिलं तर आतल्या अळ्याही मरतात. नुसत्या उघड्या उन्हात ते तेवढं चढेलच असं नाही. पेरणीसाठीचं बी मात्र असं तापवू नये. मग दाणे सावलीत पूर्ण गार होऊ द्यावेत, कारण गरम दाणे डब्यात भरले की झाकणाला आतून घाम सुटतो आणि बुरशी येते. त्यानंतर किलोला ५ मिली, म्हणजे एक चहाचा चमचा तेल. दहा किलोला ५० मिली. एरंडेल दाट असल्यानं थोडं-थोडं घेऊन दोन्ही हातांनी चोळावं, प्रत्येक दाण्यावर चकाकी यायला हवी. शेंगदाण्याचं तेलही चालतं, पण ते लवकर खवट होतं. एरंडेल खवट व्हायला जास्त वेळ लागतो. या बाबतीत जुनी निवड अगदी योग्य होती.

गहू-तांदळातल्या सोंड्यावर मात्र या उपायाचा तितका भरवसा धरू नये. त्याची मादी सोंडेनं दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक चिकट द्रवानं बुजवून टाकते. अंडं वर उघडं नसतंच, तर तेल त्याच्यापर्यंत पोचणार कसं? राखेचं कामही वेगळं आहे. राख रंध्रं बुजवते असं बरेच जण समजतात. पण बारीक राख मुख्यतः किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते आणि शोषून घेते. किडा गुदमरत नाही, सुकतो. त्यामुळे दमट राख निरुपयोगी.

प्रश्न: मग हवाबंद डब्यात किडे गुदमरून मरतात का? आमच्या डब्यात तर मरत नाहीत.

डबा अर्धा रिकामा असेल, किंवा रोज उघडला जात असेल, तर मरणार नाहीत. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. झाकणापर्यंत भरलेल्या डब्यात दाण्यांच्या फटींत थोडीच हवा उरते, ती किडेच वापरून संपवतात. अर्ध्या डब्यात त्यांना महिनोन्‌महिने पुरेल एवढी शिदोरी असते.

ऑक्सिजन चार-पाच टक्क्यांच्या खाली गेला की भुंगेऱ्याच्या अळ्या खाणं थांबवतात. कोरड्या दाण्यात पिण्याचं पाणी नसतं. पिष्ट पदार्थ ऑक्सिजनच्या साहाय्यानं जाळताना जे पाणी तयार होतं, त्यावरच हे किडे जगतात. ऑक्सिजन नाही म्हणजे पाणी नाही. ते मरतात ते बऱ्याच अंशी तहानेनं, म्हणून वेळ लागतो. डबा किंवा तीन पदरी हवाबंद पिशवी काठोकाठ भरा, हवा दाबून काढा आणि निदान महिनाभर उघडू नका. रोजच्या वापराचं धान्य वेगळ्या लहान डब्यात काढून ठेवा. दाणा दाताखाली कट्‌ आवाज करून फुटायला हवा. दबला तर तो ओला आहे आणि बंद डब्यात कुजेल.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात वापरू नका. झोपण्याच्या खोलीत तर कधीच नाही. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसालाही मारतो, आणि त्यावर उतारा नाही.

प्रश्न: गुलाबावरच्या माव्यावर पाणी मारलं तर काही होत नाही, साबणाचं पाणी मारलं की मरतो. साबण विषारी असतो का?

नुसतं पाणी मेणचट अंगावर गोळा होऊन घरंगळतं, रंध्रात शिरत नाही. साबणानं पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, पाणी पसरतं आणि रंध्रांपर्यंत जातं. शिवाय अंगावरचं मेण सुटतं आणि पेशींची पटलं बिघडतात. ही सगळी कामं ओलं असेपर्यंतच चालतात. वाळल्यावर साबणाचा काहीही परिणाम उरत नाही.

म्हणूनच पानाच्या वरून फवारून भागत नाही, मावा पानाखाली आणि कोवळ्या शेंड्यावर असतो. लिटरला ५ ते १० मिली पोटॅशयुक्त द्रव साबण घ्या, संध्याकाळी फवारा आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा एकदा. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाची साय होते आणि काम बिघडते, तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. कपड्यांची पावडर नको, पानं करपतात. आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस थांबा.

प्रश्न: साचलेल्या पाण्यावर तेल टाकलं की डासांच्या अळ्या मरतात, पण आमच्या तळ्यावर उपयोग झाला नाही. आणि टाकीच्या तळाशी लाल अळ्या सापडल्या, त्याही डासांच्याच का?

डासाची अळी पाण्यात राहते, पण श्वास हवेतूनच घेते. क्युलेक्स आणि एडिस या प्रकारच्या डासांच्या अळ्यांना शेपटीजवळ एक नळी असते. ती पृष्ठभागाला लावून अळी डोकं खाली करून तिरपी लटकते. मलेरियाच्या ॲनोफेलिसला ही नळी नसते. तिची रंध्रं पाठीवर असल्यामुळे ती पाण्याला समांतर पडून राहते. अळी कशी बसली आहे एवढं पाहिलं तरी डास ओळखता येतो. नळीचं तोंड पाणी न धरणारं असतं, तेल मात्र धरतं. तेल नळीत शिरलं की खेळ संपला.

तळ्यावर तेल वाऱ्यानं एका काठाला गोळा होतं, तवंग तुटतो. तुमच्या तळ्यात जलपर्णी असेल तर कारण आणखी वेगळं असू शकेल. मॅन्सोनिया डासाची अळी वर येतच नाही. ती टोकदार नळी पाणवनस्पतींच्या मुळांत खुपसते आणि तिथली हवा घेते. तिथं तेल व्यर्थ आहे, जलपर्णीच काढावी लागते. उघड्या तळ्यात गप्पी मासे तेलापेक्षा केव्हाही बरे.

घरच्या पिंपांत तेल टाकूच नका. अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस. मात्र पिंप रिकामं करून पुन्हा भरलं एवढ्यावर थांबू नका. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. काथ्यानं घासणं हा त्यातला खरा महत्त्वाचा भाग आहे.

लाल अळ्या डासांच्या नाहीत. त्या कायरोनोमस नावाच्या, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीच्या आहेत. वर सांगितलं की कीटकाचं रक्त ऑक्सिजन वाहत नाही. ते बहुधा रंगहीन किंवा फिकट असतं आणि अन्न, संप्रेरकं, टाकाऊ पदार्थ यांची ने-आण करतं. कायरोनोमस हा अपवाद. गाळात ऑक्सिजन जवळपास नसतोच, म्हणून या अळीच्या रक्तात हिमोग्लोबिन विरघळलेलं असतं आणि ते अगदी थोडा ऑक्सिजनही धरून ठेवतं. अंगावर बसलेला डास चिरडला की दिसणारा लाल रंग मात्र आपल्याच रक्ताचा. टाकीत लाल अळ्या दिसणं म्हणजे तळाशी गाळ साचल्याची खूण. टाकी उपसून गाळ काढा आणि हवेच्या व ओसंडण्याच्या पाइपांना बारीक जाळी बांधा.

प्रश्न: शेततळ्यातले रोहू-कटला पहाटे तोंड वर काढून आ-वासतात. काही वेळा मरतातही. त्याच तळ्यातल्या मरळीला मात्र काही होत नाही.

तुमच्या माशांचा जीव पहाटेच्या त्या दोन-तीन तासांत टांगणीला लागलेला असतो, तेव्हा आधी उपाय सांगतो. पंप लावून पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यातच पाडा. शक्य असेल तर ताजं पाणी सोडा. त्या दिवशी खाद्य आणि शेणखत पूर्ण बंद.

एक लिटर हवेत सुमारे २१० मिली ऑक्सिजन असतो, एक लिटर पाण्यात जेमतेम सहा-सात मिली. पाणी तापलं की तेवढाही राहत नाही. वजनात मोजला तर २० अंशांना लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांना साडेसात. दिवसा हिरवं शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ तो वापरतं. शिवाय तळाचं शेण आणि उरलेलं खाद्य कुजताना ऑक्सिजन खातं. म्हणून पातळी सर्वांत खाली जाते ती सूर्योदयाच्या आधी, आणि आदल्या दिवशी आभाळ असेल तर आणखीच खाली. ५ मिलिग्रॅमच्या वर मासे सुखात असतात, ३ च्या खाली धोका. पाणी गडद हिरवं झालं असेल, कोपरापर्यंत हात बुडवल्यावर तळवा दिसत नसेल, तर खत कमी करायची वेळ झालीच आहे.

माशाच्या कल्ल्यांत रक्त एका दिशेनं आणि पाणी उलट दिशेनं वाहतं. त्यामुळे पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन रक्तात येऊ शकतो. यंत्रणा उत्तम आहे, पण पाण्यातच नसेल तर ती काय करणार?

मरळीच्या कल्ल्यांच्या वर हवा धरणारी पोकळी असते. ती थेट हवा घेते, म्हणूनच बाजारात टोपलीत तासन्‌तास जिवंत राहते. पण ही केवळ जादाची सोय नव्हे. मोठ्या मरळीला वर येऊ दिलं नाही, तर ती पाण्यात बुडून मरते. जाळ्यात खोल अडकलेली मरळ मेलेली निघते ती यामुळेच.

प्रश्न: बादलीभर पाण्यात ठेवलेले खेकडे सकाळपर्यंत मेले, शेजाऱ्यांनी ओल्या पोत्यात ठेवलेले जगले. हे उलटं कसं?

वरचे आकडे पाहा. दाटीवाटीनं भरलेल्या खेकड्यांनी बादलीतला थोडासा ऑक्सिजन रातोरात संपवला. खेकड्याचे कल्ले कवचाखालच्या पोकळीत असतात. ते ओले राहिले तर हवेतला ऑक्सिजनही घेतात, आणि हवेत तो भरपूर आहे. पोतं ओलं, सावलीत, वारा खेळता असं ठेवा. सुकलं की कल्ले एकमेकांना चिकटतात आणि खेकडा मरतो. त्याचं रक्त निळसर असतं, कारण ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोसायनिनमध्ये लोहाऐवजी तांबं असतं. विंचवाचं आणि कोळ्याचंही तसंच. मेलेला खेकडा मात्र खाऊ नका.

प्रश्न: गांडूळखताच्या वाफ्यातून गांडुळं पळून जातात.

पाणी जास्त झालंय. गांडूळ कातडीतून श्वास घेतं. कातडी ओली हवी, पण आजूबाजूला हवाही हवी. वाफ्यातलं मूठभर खत घट्ट पिळा, एक-दोन थेंब पडले तर ठीक, धार लागली तर त्यांना हवा मिळत नाही. वाफ्याची उंची दोन फुटांच्या आत ठेवा. शेण ताजं नको, पंधरा-वीस दिवसांचं हवं, ताजं शेण तापतं.

प्रश्न: कीटक मांजराएवढे का होत नाहीत?

अंतर वाढलं की विसरण अपुरं पडतं. शरीर मोठं होत जातं तसा नळ्यांना त्यातला अधिकाधिक हिस्सा द्यावा लागतो आणि पायांच्या अरुंद सांध्यांतून त्या नेणं अवघड होतं. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी मेगान्यूरा नावाचा, चतुरासारखा कीटक पंख पसरल्यावर ६५ ते ७० सेंटिमीटर भरायचा. त्या काळी हवेत ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या आसपास होता, असा अंदाज आहे. दोन्हींचा संबंध असावा असं अनेकांना वाटतं, पण उडणारे शिकारी पक्षी तेव्हा नव्हते, हेही कारण मोजावं लागतं. सह्याद्रीतला ॲटलास पतंग पंखांनी २४ सेंटिमीटरपर्यंत असला तरी त्याचं धड बोटभरच असतं, म्हणून त्याला अडचण येत नाही.

प्रश्न: जायकवाडीला हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात म्हणे. तिथं माणसाला धाप लागते, त्यांना कशी लागत नाही?

धाप त्यांनाही लागते, पण तिचा त्यांना जास्त उपयोग होतो. आपल्या फुप्फुसांत हवा ज्या वाटेनं आत जाते त्याच वाटेनं परत येते, त्यामुळे थोडी शिळी हवा नेहमीच मागे उरते. पक्ष्याचं फुप्फुस फुगत नाही. त्याला जोडलेल्या, बहुतेक पक्ष्यांत ९ असणाऱ्या हवेच्या पिशव्या भात्याचं काम करतात. पहिल्या श्वासात हवा मागच्या पिशव्यांत जाते, उच्छ्वासात ती फुप्फुसातून पुढे सरकते, दुसऱ्या श्वासात पुढच्या पिशव्यांत येते आणि दुसऱ्या उच्छ्वासात बाहेर. फुप्फुसातून हवा कायम एकाच दिशेनं वाहते, श्वास घेताना आणि सोडतानाही. त्यात पट्टकादंबाचं हिमोग्लोबिन इतर हंसांपेक्षा ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं, त्यामुळे विरळ हवेतही ते भरून निघतं. उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बांधून केलेल्या पाहणीत हे पक्षी ७,००० मीटरच्या वर नोंदले गेले आहेत. बहुतेक प्रवास मात्र ते दऱ्याखोऱ्यांच्या कलानं, शक्य तितक्या खालून करतात आणि पुष्कळदा रात्रीच्या गार, दाट हवेत उडतात.